दिवेकाकांचं घरगुती एक्स्चेंज

आमच्या मजल्यावरच्या दिवेकाकांनी मागच्या खोलीत चोरून टेलिफोन एक्स्चेंज उघडलंय आणि रोज संध्याकाळी कानाला यंत्र लावून ते अख्ख्या इमारतीची फोनवरची बोलणी ऐकतात, अशी बातमी गेल्या उन्हाळ्यात पसरली होती. कुणी पसरवली ते विचारू नका. बातमीला आईबाप नसतात, नुसत्या आत्या-मावश्या असतात. तर ती बातमी साफ खोटी होती. दुसऱ्यांचं ऐकणं राहिलं दूर, त्यांच्या खोलीतले दोन डबे हातभर अंतरावर समोरासमोर बसून एकमेकांचंच ऐकायला तयार नव्हते. इमारतीचं एखादं गुपित इकडून तिकडे नेण्याइतकी तार जरी त्यांना जोडता आली असती, तरी मी स्वतः त्यांचा सत्कार केला असता.

दिवेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते नाव जिन्यातल्या पोरांनी दिलं. संध्याकाळी मागच्या खोलीच्या खिडकीत हिरवे दिवे लुकलुकायला लागले की पोरं खालून ओरडायची, "काका, आज काय दिवे लावलेत?" आणि काका खिडकीतून डोकं काढून अगदी सरळ मनाने सांगायचे, "अजून एक लागायचाय रे!" टोमणा त्यांच्या अंगाला चिकटतच नाही. त्यांच्यापायी त्यांची बायकोही दिवेकाकू झाली. बिचारीने आयुष्यात शिलाई मशीनच्या बल्बाशिवाय दुसरा दिवा लावला नव्हता.

काकांची नोकरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. दुरुस्त करण्याची नव्हे, फोन उचलण्याची. कुणी कुठे लिफ्टमध्ये अडकलं आणि आतलं बटण दाबलं, की ती घंटी काकांच्या टेबलावर वाजते. काका फोन उचलून म्हणतात, "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस निघालेला असो, नाहीतर कोपऱ्यावर चहा पीत उभा असो. वर्षानुवर्षं हेच एक वाक्य बोलून जीभ इतकी वळली आहे, की घरात दूध उतू गेलं तरी तोंडातून तेच बाहेर पडतं. आमच्या इमारतीची लिफ्टही त्याच कंपनीची आहे. ती बंद आहे. माणूस निघालाय.

तरुणपणी त्यांना खऱ्या टेलिफोन खात्यात जायचं होतं. तिथे रंगीत तारांचा एक जुडगा हातात देऊन जोड्या लावायला सांगितल्या, तेव्हा कळलं की या गृहस्थाला हिरवा आणि तपकिरी यांतला फरकच दिसत नाही. खात्याने त्यांना परत पाठवलं. पण त्या दिवशी दारातून दिसलेला तो एक्स्चेंजचा हॉल, ती रांगेने उभी यंत्रांची कपाटं आणि त्यांवरचे दिवे काही त्यांच्या डोक्यातून गेले नाहीत. कुणाच्या डोक्यात पहिलं प्रेम बसतं, यांच्या डोक्यात कपाटं बसली.

मग नवं, काचेच्या तारेवरचं इंटरनेट आलं आणि लोकांनी टेलिफोनच्या तारेवर चालणारे जुने डबे कचऱ्यात टाकायला सुरुवात केली. काकांना पर्वणीच. कुणी मोडेम म्हणो, कुणी राउटर, आम्ही सगळे डबाच म्हणायचो. काका डबा घरी आणायचे, दाढीच्या ब्रशने त्याची धूळ झाडायचे आणि चपलांच्या जुन्या स्टँडवर मांडायचे. या सगळ्याला त्यांनी नाव दिलं होतं 'लॅब'. कल्पना अशी, की इमारतीच्या भिंतींमध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या तारा अजून आहेत, नुसत्या मरून पडल्यात. त्या जिवंत करायच्या, तारेच्या दोन्ही टोकांना एकेक डबा लावायचा आणि एका घरातून दुसऱ्या घरात आपलं स्वतःचं जाळं उभं करायचं. मधे कंपनी नाही, बिल नाही, कुणी नाही.

"पण भावजी, हे करायचं कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, जोडता येतं म्हणून!"

"आणि जोडून त्यावर बोलायचं काय?"

"ते नंतर बघू."

आता त्या घराची रचना सांगते, म्हणजे खरं दुखणं कळेल. खोल्या मोजून तीन आणि एक बोळ. सगळ्यांत मोठी आणि उजेडाची ती मागची खोली. तीत एक खाट, चपलांच्या स्टँडवर डबे आणि घरातला एकुलता एक धड पंखा. तो पंखा डब्यांसाठी. डबे तापतात ना! दिवेकाकू शिवणकाम करते. ती तापली तरी चालते. तिचं मशीन बोळात, बाथरूमच्या दाराला चिकटून. बाथरूमला जायचं झालं की आधी काकूने पाय आवरायचे, मग पँटींचा ढीग उचलायचा, मग माणूस आडवा होऊन आत. एकदा मीच गेले होते, तर बाहेर येईपर्यंत माझ्या ओढणीला कुणाच्या तरी पँटीची किनार शिवली गेली होती.

त्या दिवसांत काकूकडे मोठं काम चालून आलं. जवळच एक नवं लॉज उघडत होतं, त्याचे सगळे पडदे. पडद्याचं कापड बोळात पसरता येत नाही, त्याला जमीन लागते. मागच्या गल्लीतली एक मैत्रीण मदतीला यायला तयार होती, तिच्यासाठी दुसरं मशीनही होतं: काकूच्या आईचं, काळं, हाताने फिरवायचं, चादरीत गुंडाळून मागच्या खोलीत खाटेखाली ठेवलेलं. अडत होती ती फक्त खोली. लॉजवाल्याला हो की नाही ते सोमवारी सकाळी सांगायचं होतं.

काकू भांडखोर नाही. भांडखोर असती तर प्रश्नच नव्हता. तिने माझ्यासमोर आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तिच्या धाकट्या भावासमोर, म्हणजे काकांच्या मेहुण्यासमोर, शांतपणे अट घातली.

"अहो, हे डबे चालतात म्हणता ना? रविवारपर्यंत चालवून दाखवा. आपल्या घरात नव्हे, या ताईंच्या घरात. तुमच्या खोलीतलं चित्र त्यांच्या घरात दिसलं, तर खोली तुमची, मी लॉजवाल्याला नाही सांगते. नाही दिसलं, तर सोमवारी सकाळी तिथे माझं कापड पसरलेलं असेल."

"घाबरू नकोस," काका म्हणाले, "काम होत आलंय."

काम काय होत आलं होतं? सगळा उन्हाळा त्यांनी दोन डबे एका तारेने जोडून समोरासमोर ठेवले होते आणि दोन्हींवरचा तो एक महत्त्वाचा दिवा नुसता लुकलुकत होता. तो लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की तार जुळली असं समजायचं. तो स्थिर होईना. काकांनी तार बदलली, प्लग बदलला, डबे बदलले, खुर्ची बदलली. एकदा तर दिशा बदलून पाहिली. डबे पूर्वेला तोंड करूनही तसेच.

मेहुणा मोबाइलची कव्हरं विकतो आणि फुकटात जीभ चालवतो. तो रोज डोकावून जायचा. "दाजी, दोघांना अंताक्षरी शिकवा. वेळ तरी जाईल."

मग त्या आठवड्यात एके दिवशी काका कामावरून धावतच आले. जिना चढून, अर्थात. चेहरा असा, की मला वाटलं नोकरी गेली.

"वहिनी, चूक सापडली! एका जाणत्या माणसाने इंटरनेटवर लिहिलंय. हे डबे सगळे घरच्या टोकाचे आहेत. तारेच्या एका टोकाला घर असतं आणि दुसऱ्या टोकाला एक्स्चेंज. घरचा डबा हाक मारतो, एक्स्चेंज ओ देतं. मी दोन्ही टोकांना घरचेच डबे लावले! म्हणजे बघा, दोन लिफ्टांमध्ये दोन माणसं अडकलीत आणि दोघं एकमेकांनाच फोन करून ओरडताहेत, 'वाचवा, वाचवा!' फोन उचलणारा कुणीच नाही!"

आता जन्मभर फोन उचलण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला हे कळायला सगळा उन्हाळा लागला, यावर मी काही बोलणार होते. पण मेहुण्याने मला संधी दिली नाही.

"थोडक्यात, दाजी, तुम्ही दोन्ही बाजूंना जावईच बसवलेत. दोघं लोडाला टेकून वाट बघताहेत. पाणी आणायचं कुणी?"

"अगदी बरोबर!" काका आनंदाने म्हणाले. "आपल्याला सासरा पाहिजे!"

सासरा मिळाला भंगारवाल्याकडे. एका बंद पडलेल्या जुन्या हॉटेलातला डबा. तिथे खोल्याखोल्यांत टेलिफोनच्या तारेवरूनच इंटरनेट जायचं, आणि हा डबा तळघरात बसून सगळ्यांना ओ द्यायचा. म्हणजे एक छोटं एक्स्चेंजच. लोखंडी, जाडजूड, पाठीला ओळीने तारा लावायच्या जागा. काका तो खांद्यावर घेऊन आले, तेव्हा वरात निघाल्यासारखे हसत होते.

"केवढ्याला पडला?" मेहुण्याने विचारलं.

"पैसे नाही दिले. अदलाबदल केली."

कशाच्या बदल्यात, ते कुणी विचारलं नाही. आम्हाला वाटलं, पाच-दहा मोडेम गेले असतील. घरातला कचरा कमी होतोय म्हटल्यावर कोण चौकशी करतो?

सासरा आला, पण तारा लावायच्या कशा? भिंतींमधल्या तारा जिन्यातल्या एका पत्र्याच्या पेटीत येऊन मिळतात. पेटी उघडली तर आत रंगीत तारांचं जंजाळ. काका तिथे स्टुलावर उभे राहून हिरव्याला तपकिरी जोडत होते आणि तपकिरीला जे मिळेल ते. शेवटी काकू मशीनवरून उठली. तोंडात टाचणी धरून पेटीसमोर उभी राहिली. धाग्याच्या शेकडो रिळांतून नेमका रंग काढणारी बाई ती. तिने एकेक जोडी वेगळी करून तिला शिवणाचा दोरा बांधला. लाल दोरा आमच्या घराचा, पांढरा त्यांच्या मागच्या खोलीचा, काळा भावाच्या घराचा.

मी म्हटलं, "अगं वेडे, तू स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस! हे जुळलं तर खोली गेली तुझी!"

तिने टाचणी तोंडातून काढली. "ताई, माणसाने हरावं तर नीट हरावं. उद्या म्हणतील, रंग दिसले नाहीत म्हणून हरलो. ते रडगाणं मला जन्मभर ऐकायचं नाही."

रविवार आला. आमच्या दिवाणखान्यात शोकेसमधल्या फुलदाणीच्या जागी काकांचा एक डबा बसला. त्याची तार भिंतीतल्या जुन्या टेलिफोनच्या खोबणीत. मागच्या खोलीत छोटा कॅमेरा, आणि चित्र दिसणार आमच्या घरच्या टॅबवर. काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या सोफ्यावर बसले. काकू दाराशी वेताच्या मोढ्यावर. मेहुणा हाताची घडी घालून उभा, सासरकडच्या परीक्षकासारखा.

डब्यावरचा दिवा लुकलुकायला लागला. लुकलुक, लुकलुक. मेहुणा म्हणाला, "वा, ओळखीचा दिवा!" आणि तेवढ्यात तो थांबला. विझला नाही. स्थिर झाला. हिरवागार, टक्क डोळा उघडून बघावं तसा. (हिरवा होता हे मी सांगितलं. काकांनी मलाच विचारलं.)

टॅबवर चित्र आलं. खाट, भिंतीवरचं घड्याळ, खिळ्याला अडकवलेली काकांची ऑफिसची पिशवी. घड्याळाचा काटा चालत होता.

 काका नुसते त्या दिव्याकडे बघत राहिले. त्यांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. दिवेकाकू मात्र टॅबकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. लॉजवाल्याला उद्या काय सांगायचं, तेच मनात चाललं असणार.

"छे!" मेहुणा म्हणाला. "हे आधी काढून ठेवलेलं असणार. मी नाही मानत. मी स्वतः खोलीत जातो, मी दिसलो तर खरं."

"जा, जा! खुशाल जा!" काका म्हणाले. विजयी माणसासारखा बेसावध माणूस नाही.

मेहुणा गेला आणि टॅबवर अवतरला. आवाज येत नव्हता, नुसतं चित्र. त्याने हात हलवला. जीभ काढली. वाकून दाखवलं. काका टाळ्या पिटायचेच बाकी होते. मग खोलीत उकडलं म्हणून मेहुण्याने घाम पुसला, आणि नव्या डब्यासाठी जमिनीवर ठेवलेला पंखा जोरात केला.

पंखा डब्यावरून फिरत फिरत खाटेकडे वळला. खाटेखालची चादर फुगली. एकदा बसली, पुन्हा फुगली, आणि मग सबंध उडून मेहुण्याच्या पायांत आली. चादरीखाली मशीन नव्हतं. मोडेमची रिकामी खोकी होती, एकावर एक, मशीनच्या उंचीइतकी नीट रचलेली.

मेहुणा वाकला. त्याने एक खोकं उचललं, उलटसुलट करून पाहिलं, आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. त्याचे ओठ हलत होते. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं सगळ्यांना.

 मी श्वासही बेताने घेत होते. एकही शब्द निसटू नये म्हणून.

"अहो," काकू म्हणाली, "आईचं मशीन कुठंय?"

काकांचं तोंड उघडलं आणि सवयीने जे बाहेर पडायचं तेच पडलं. "घाबरू नकोस. माणूस निघालाय."

"कोण माणूस?"

"म्हणजे... ते गंजत पडलं होतं. मला वाटलं, तू वापरत नाहीस. भंगारवाल्याने स्वतःच म्हटलं, मशीन द्या नि डबा न्या..."

"गंजत पडलं होतं? मी परवा तेल दिलं त्याला."

"परवा नव्हे, तेरवा... म्हणजे तू तेल दिलंस त्याच्या दुसऱ्या दिवशीच..."

असा माणूस. खोटंसुद्धा धड बोलता येत नाही, मधेच तारखा दुरुस्त करत बसतो.

काकू उठली. आवाज चढवला नाही. "तुमचं चित्र दिसलं. मी पाहिलं. पैज तुम्ही जिंकलात, खोली तुमची. मी शब्द फिरवत नाही. पण मशीन माझं आहे. माणूस निघालाय म्हणालात ना? मग निघा."

काका निघाले. पुढचं मला मेहुण्याकडून कळलं, कारण त्याला बहिणीने पाळतीवर पाठवलं होतं. भंगारवाल्याच्या बायकोने मशीन तोवर दारात मांडून पिशव्या शिवायला घेतल्या होत्या. काकांनी बदल्यात मोडेम देऊ केले. सगळे देऊ केले. भंगारवाला हसला.

"साहेब, मोडेम मीच लोकांकडून फुकट उचलतो. वस्तूला वस्तू. डबा आणा, मशीन न्या."

"पण तो डबा आता चालायला लागलाय!"

"मग चांगलंच झालं की. चालता डबा आणा."

काका परत आले. जिना चढून मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आमच्या शोकेसमधला दिवा अजून तसाच, स्थिर. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. थोड्या वेळाने तो लुकलुकायला लागला, तेव्हा मी ओळखलं, की सासरा निघाला.

ते लोखंडी धूड खांद्यावर घेऊन काका उतरले आणि त्याहून जड मशीन छातीशी धरून चढले. लिफ्ट बंद. प्रत्येक मजल्यावर थांबून धापा टाकत होते आणि जिन्यातली पोरं त्यांना सांगत होती, "घाबरू नका काका, माणूस निघालाय!" दारात पोचल्यावर काकूने मशीन हातातून घेतलं नाही. आधी चाक फिरवून पाहिलं, मग बोट लावून तेल पाहिलं, मग बाजूला सरून वाट दिली.

"कुठे ठेवू?" काकांनी विचारलं.

"खोली तुमची आहे. तुम्ही सांगा."

काकांनी मशीन पुन्हा छातीशी सावरलं. मग गेले आणि त्यांनी ते मागच्या खोलीत, पंख्यासमोर ठेवलं.

सोमवारी काकूने लॉजवाल्याला हो सांगितलं. आता त्या खोलीत दोन मशीनं चालतात, जमिनीवर निळं कापड पसरलेलं असतं आणि पंखा माणसांवर फिरतो. डबे माळ्यावर गेले. फक्त दोन खाली राहिलेत, बोळात, बाथरूमच्या दाराशी, काकूचं मशीन होतं त्याच जागेवर. काका संध्याकाळी तिथे स्टुलावर बसतात. दोन जावई समोरासमोर, आणि दिवे लुकलुकताहेत. बाथरूमला जायचं झालं की आता काका पाय आवरतात.

परवा मी साखर मागायला गेले होते. साखर होती घरात, पण बोळातलं दृश्य बघायचं होतं. काका तार हातात धरून बसलेले. मला राहवलं नाही.

"काय भावजी, एक दिवस एक्स्चेंज चालवलंत आणि खोली घालवून बसलात. तुमच्यासारखा शहाणा उभ्या इमारतीत शोधून सापडायचा नाही!"

काकांनी पाय आवरले, मला जायला वाट करून दिली आणि म्हणाले, "चूक झाली खरी, वहिनी. इमारतीत एक्स्चेंज आधीपासून होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ते भंगारातून आणण्यापेक्षा एक तार सरळ तुमच्या तोंडाला लावायला हवी होती. दिवा कधी लुकलुकलाच नसता."